माफी परत घेण्याबाबत

३ मार्च, मंगळवार

चि. बुटक्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मिळेल तेव्हा तू बरा असशील, तुझी बायको बरी असेल आणि नव्या घराच्या नळाला पाणी नीट येत असेल, असं धरून चालते. इकडे मी ठीक. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात, मी त्यांच्या मागून. तू सहा फुटांचा झालास तरी मी तुला बुटक्याच म्हणणार. तुला ते आवडत नाही हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

फोनच करणार होते. पण तू उचलत नाहीस, आणि तुझ्या बायकोने उचलला की मागून तुझं खाकरणं ऐकू येतं. मग ती बिचारी हवापाण्याच्या गप्पा मारते. त्यापेक्षा पत्र बरं. पत्र फाडायचं झालं तरी माणूस आधी एकदा नजर टाकतो.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तेच रामायण. वाफेचा मोठा बॉयलर पुन्हा बिघडला, त्यामुळे गेले चार दिवस अडीचशे जणांचं सूप लहान पातेल्यांत करावं लागतंय. मुख्य आचारी मला बघितलं की तोंड फिरवतो, जणू बॉयलर मीच फोडला. दुपारची जेवणं झाली की मी अजूनही वॉर्डांतून परत आलेले ट्रे बघत फिरते. कोणी काय टाकलं, किती टाकलं. पेशंट तोंडाने खोटं बोलतो, ट्रे बोलत नाही. आचारी मला आहारतज्ज्ञ नाही, उष्ट्यांची इन्स्पेक्टर म्हणतो. म्हणू दे. आताही मी त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लिहितेय आणि समोर सव्वाशे उष्टे ट्रे आहेत. थकवा इतका आहे की उठून चहा घ्यायचाही कंटाळा येतो.

आता मुद्द्याचं. तुझ्या बायकोने मला कामावरून फोन केला होता. तिच्यावर चिडू नकोस, ती रडवेली झाली होती. म्हणाली, "ताई, हे सकाळची गोळी अर्धी करतात. दुपारची तर पंधरा दिवस झाले बंदच आहे. रोज सहा अंडी खातात, बलकासकट, वर पावावर बोटभर लोणी. मी बोलले तर म्हणतात, ताईनेच सांगितलंय ना, ग्रंथी उपाशी होती म्हणून. आता तिला खायला घालतोय."

बुटक्या, ते मी बोलले होते हे खरं आहे. कोसळल्यावर तू हॉस्पिटलच्या खाटेवर होतास, मी उशाशी बसून म्हणाले की मी तुझी अंडी बंद केली, लोणी बंद केलं, हार्मोन कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि मी तुझ्या ग्रंथींना कच्चा मालच मिळू दिला नाही, माझं चुकलं, मला माफ कर. ते चुकीचं होतं. ती माफी मी परत घेते. असं कोणी कधी केलं असेल का मला माहीत नाही, पण घेते.

नीट वाच. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. रक्तदाब टिकवणारं, अंगातलं मीठ धरून ठेवणारं, आजारपणात माणसाला उभं ठेवणारं हार्मोन त्या बनवतात, आणि ते बनतं कोलेस्टेरॉलपासूनच. इथवर मी खरं बोलले. पुढचं बोलले नाही. कोलेस्टेरॉल काही फक्त ताटातून येत नाही. बहुतेक सगळं आपलं लिव्हरच बनवतं. तू कमी खाल्लंस तर ते जास्त बनवतं, आणि अडचण पडली तर त्या ग्रंथी स्वतःपुरतं बनवून घेतात. मी ताटात कितीही हात आखडला असता तरी तुझ्या ग्रंथी त्यासाठी अडल्या नसत्या. तुझ्या शरीराच्या राखणदारांनीच त्यांना शत्रू समजून मारलं. का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आता तिथे काम करणारं कोणी उरलेलं नाही, ते काम गोळीच करते. तुझ्या मेकॅनिकच्या भाषेत सांगायचं तर लिफ्टची मोटर जळालीय आणि तू दोरांना ग्रीस लावत बसलायस.

तू म्हणशील, मला तर बरं वाटतंय. वाटत असेल. अर्ध्या गोळीवर माणूस काही दिवस रेटतो. पण उद्या ताप आला, उलट्या झाल्या, नाहीतर लिफ्टच्या शाफ्टमध्ये हात सापडला, तर त्या वेळी शरीर जास्तीचं हार्मोन मागेल आणि तुझ्याकडे ते नसेल. मागच्या वेळी तू आमच्या पुढ्यात कोसळलास. पुढच्या वेळी दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्टच्या डोक्यावर एकटा असशील.

तेव्हा सकाळची पूर्ण, दुपारची पूर्ण, आणि मीठ धरून ठेवणारी ती छोटी गोळीही. ताप आला की दुप्पट. उलट्या थांबल्या नाहीत तर बायकोला घरी ठेवलेलं इंजेक्शन द्यायला सांग आणि तडक हॉस्पिटल गाठ. अंडी हवी तर खा, आता मी कोण अडवणार. पण औषध म्हणून खाऊ नकोस.

मी तेव्हा तसं का बोलले, असं विचारशील. घाबरलेलं माणूस काहीही बोलतं, एवढंच समज.

सुनबाईला म्हणजे तुझ्या बायकोला आशीर्वाद. (सुनबाई म्हटलं की तिला मी सासूसारखी वाटते, हे तिने मला तोंडावर सांगितलंय. तरी सवय जात नाही.)

तुझी,
ताई


११ मार्च

ताई,

पत्र मिळालं. नळाला पाणी येतं.

लहानपणापासून तू एकदाही मला "माझं चुकलं" म्हटलेलं नाहीस. माझी सायकल विकून टाकलीस तेव्हा नाही, घरच्या अडचणीत माझं शिक्षण सुटलं आणि तू सगळ्यांना "त्याला अभ्यासात गती नाही" म्हणून सांगितलंस तेव्हाही नाही. जन्मात एकदा म्हणालीस, ते त्या खाटेवर. आता पत्र पाठवून तेही परत मागतेस. धन्य आहेस.

बाबा हृदयविकाराने गेले आणि दुसऱ्या महिन्यात तू आमच्या ताटातून एकेक गोष्ट उचलायला लागलीस. अंडी, लोणी, चीज, मग मीठ. चार वर्षं मी आणि हिने तुझ्या घरी तुझ्या हातचं फिकं खाल्लं, कारण तू शिकलेली आणि मी लिफ्टमेकॅनिक. मी ऐकलं. आणि मग पडलो.

तू म्हणालीस ना की खाण्यामुळे झालं, तेव्हा मला राग नाही आला. बरंच वाटलं. खाण्यामुळे बिघडलं असेल तर खाण्याने सुधारेल. मशीन का बंद पडलं हे कळलं की निम्मं काम झालं, हे मला माझं काम शिकवतं. आता तू म्हणतेस शरीराने आपलंच आपण मारलं, का ते कोणाला माहीत नाही, आणि मरेपर्यंत दिवसातून दोनदा गोळी. कामावर कोणीतरी विचारलं कसली गोळी, मी म्हटलं स्टेरॉइड, तर सगळे माझे दंड चाचपून हसायला लागले. मी अठ्ठेचाळीसचा आहे. दिवसभर दोराला लटकतो तेवढं पुरे आहे, वर गोळीला लटकायचं नाही.

तू तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस? तुझ्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. काय ते एकदाच सांग. "घाबरलेलं माणूस" वगैरे मला नको. ते तुझ्या पेशंटांना सांग.

सांगायचं नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नकोस. हिच्याकरवी निरोपही नको.

(सही करत नाही. अक्षर ओळखशील.)


१६ मार्च, सोमवार

बुटक्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सायकलचंही चुकलं, अभ्यासाचंही चुकलं. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहिल्यावर ते लिहायला त्राण उरणार नाही.

आज रजा टाकली आहे. सकाळपासून जेवणाच्या टेबलाशी बसलेय, तुमच्या दोन खुर्च्या समोर. चार कागद फाडले. हा पाचवा.

तू विचारलंस, तेव्हा खोटं बोललीस की आता? गेल्या पत्रात ग्रंथींबद्दल लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. पण ती माफी नुसती चुकीची नव्हती. मी ती मुद्दाम मागितली होती. दुसरी मागायची होती, ती टाळण्यासाठी.

तुला आठवतं का, दीड वर्षापूर्वी तू सिंकपाशी उभा राहून लोणच्याच्या बरणीतलं पाणी पीत होतास. मी ओरडले, गुरासारखं काय चाटतोस म्हणून. तू हसत म्हणालास, "ताई, मिठासाठी जीव तुटतोय गं." मी मिठाचा डबा माझ्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. तुम्ही दोघं त्यावरून माझी टिंगल करायचात. तिकडे तुझं वजन उतरत होतं, उठून उभा राहिलास की तुला अंधारी येत होती, जिन्यात बसून राहायचास. मी म्हणायचे, सुरुवातीला होतं असं, शरीर हलकं होतंय. मी इतक्या आत्मविश्वासाने म्हणायचे की तू मान डोलवायचास.

मग एकदा जेवताना तू पाव घ्यायला हात पुढे केलास. तुझ्या तळहाताच्या रेषा काळ्या होत्या. बोटांच्या पेरांवरच्या कातडीचा रंगही गडद झाला होता. मी विचारलं तर तू म्हणालास, "ग्रीस आहे, साबणाने जात नाही." तेव्हा, बुटक्या, ग्रंथींच्या या आजाराचं नाव माझ्या डोक्यात आलं. मी त्यावर परीक्षा दिलेली आहे. थकवा, उतरलेलं वजन, मिठाची ओढ, काळवंडलेल्या रेषा. चारही खुणा समोर बसून जेवत होत्या. मला एवढंच करायचं होतं की दुसऱ्या दिवशी तुला धरून रक्त तपासायला न्यायचं.

मी तुला ग्रीस काढणारा खरखरीत साबण आणून दिला.

का, ते सांगते. त्याच आठवड्यात आमच्या आहार विभागाचा लोकांसाठी खुला दिवस होता. भिंतीवर मी एक तक्ता लावला होता. "अकरा किलो, औषधाशिवाय." नाव नव्हतं, पण तो तूच होतास. तुझ्या वजनाची उतरती रेघ, खाली माझी सही. हॉस्पिटलच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. पंचवीस वर्षं मी त्या तळघरात सूप मोजलं, कोणी माझ्या कामाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. तू आजारी असतास तर ती रेघ आजाराची झाली असती. म्हणून मी स्वतःला सांगितलं की ते ग्रीस आहे. आणि ते मला पटलंसुद्धा. आपल्याला हवं ते स्वतःला पटवायला मला वेळ लागत नाही, हे तू ओळखतोसच.

एवढंच असतं तरी कदाचित मी तुझ्या खाटेपाशी सांगितलं असतं.

तू कोसळलास तेव्हा दुपार होती. तुला उलट्या होत होत्या, रक्तदाब लागत नव्हता. ड्युटीवरचा डॉक्टर हुशार होता. त्याने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मॅडम, हे मीठ जास्त खातात का? अंगाचा रंग बदललाय का अलीकडे?" त्याला बरोबर संशय आला होता. तुझी बायको बाहेर फॉर्म भरत होती. माझ्या छातीवर हॉस्पिटलचा बिल्ला होता.

मी "नाही" म्हणाले.

"मीठ तर घरात फारसं नसतंच," असं म्हणाले. "हात कामामुळे काळे आहेत," असं म्हणाले. त्याने ते लिहून घेतलं आणि पोटाच्या संसर्गाचे उपचार सुरू केले. आहारतज्ज्ञ स्वतःच्या भावाच्या खाण्याबद्दल सांगतेय, त्याने का शंका घ्यावी? तो निघून गेल्यावर मी त्याच्या मागे जाऊ शकले असते. दार दहा पावलांवर होतं. मी तुझ्या पायावर पांघरूण नीट करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथींच्या डॉक्टरीणबाई राऊंडला आल्या. त्यांनी तुझा ओठ वर करून हिरड्यांवरचे काळे डाग बघितले आणि मला न विचारता तुझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मीठ? अहो, लोणच्याची बरणी तोंडाला लावतात हे." दहा मिनिटांत तुला इंजेक्शन मिळालं. दुपारी तू चहा मागितलास. माझ्या "नाही"पासून त्या इंजेक्शनपर्यंत सतरा तास गेले होते. ते मी घड्याळात मोजलेत, तुझ्या शेजारी बसून.

चहा प्यायल्यावर तू मला विचारलंस, "ताई, मला झालं काय होतं गं?" सगळं ओठांवर होतं. तुला इंजेक्शन मिळाल्यावर मी खाली विभागातलं जुनं पुस्तक काढून ते प्रकरण परत वाचलं होतं. पहिलंच वाक्य असं होतं की ही सगळी हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात. ते वाक्य मी उचललं. अंडी बंद करणारी बहीण म्हणजे जास्त काळजी करणारी बहीण. तिला कोणीही माफ करतं. तू तर माझा हात हातात घेतलास आणि म्हणालास, "जाऊ दे गं, तू चांगल्यासाठीच केलंस." मी तो हात सोडवून घेतला नाही. त्या खोट्या माफीवर तू आज अंडी खातोयस आणि गोळी मोडतोयस.

शुक्रवारी मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी तुझी फाईल मागवली आणि माझ्यासमोर लिहून घेतलं. मी विचारलं, माझ्या मीठ बंद करण्याने ग्रंथी गेल्या का. म्हणाल्या, नाही, त्या काहीही केलं असतं तरी जाणारच होत्या, खूप आधीपासून जात होत्या. पण अंगात मीठ टिकत नसलेल्या माणसाचं मीठ काढून घेतल्यामुळे तो लवकर आणि जोरात कोसळला. मी विचारलं, त्या सतरा तासांनी काय बिघडलं. त्या म्हणाल्या, "बिघडलं काही नाही. पण त्यात तो जाऊ शकला असता, हे तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं. त्या ड्युटीवरच्या डॉक्टरलाही भेटले. मी त्याला खोटी माहिती दिली होती, हे त्याच्या तोंडावर सांगितलं. तक्ता मी काढला आहे. प्रमुखांना पत्र दिलं आहे, पुढे काय व्हायचं ते होईल.

गोळीबद्दल त्यांनी एक सांगितलं, ते तुझ्या कामावरच्या लोकांना सांग. दंड फुगवणारं औषध वेगळं. तुझ्या ग्रंथी जे बनवायच्या नेमकं तेच त्या गोळीत आहे, आणि जेवढं बनवायच्या तेवढंच. बाकीच्या माणसांचं ते अंगात आपोआप येतं, तुला पाण्याबरोबर घ्यावं लागतं. लटकणं म्हणशील तर आम्ही सगळेच त्यावर लटकलेलो आहोत.

तू लिहिलंस की कारण कळलं की निम्मं काम होतं. तुझ्या आजाराला कारण नाही रे. मी दिलं ते बनावट होतं. तू ते खरं मानून त्यावर भरवसा ठेवलास, कारण ते मी सांगितलं होतं, आणि माझं ऐकायची तुला लहानपणापासून सवय लावलेली आहे. या एकाच गोष्टीत माझं ऐकू नकोस, असं आता कोणत्या तोंडाने म्हणू? म्हणून म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली आहे, ती सोबत आहे. माझ्या शब्दाला किंमत देऊ नकोस, ती वाच. खाली त्यांचा नंबर आहे. त्यांना फोन कर आणि तुला जे विचारायचं ते विचार. मला न सांगता विचार.

राग यायचाच. यावा. तुझ्या बायकोलाही हे पत्र दे, तिला त्या दुपारचं माहीत नाही. ती मला काय म्हणेल ते मी ऐकून घेईन. तुम्ही दोघं परत या घरात याल असं मी धरून चाललेलं नाही. तुझा फोन वाजेल असंही नाही. तू मला सोडलंस तरी मी ते समजून घेईन. गोळी मात्र सोडू नकोस.

अशा पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. तो मागायचा मला हक्क राहिलेला नाही, म्हणून मागत नाही. जे झालं ते तुला कळायला हवं होतं, दीड वर्ष उशिरा का होईना.

कळावे.

ताई